वन्संचं रक्त

आमच्या ह्यांच्या अंगात वन्संच्या मूळपेशी गेल्या आणि त्या दिवसापासून ह्यांची मालकी वन्संकडे गेली.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ह्यांच्या हाडांनी रक्त बनवायचं सोडून दिलं, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्या भावंडांना तपासलं आणि जुळल्या नेमक्या वन्सं. धाकट्या दिराचं जुळलं असतं तर तो बिचारा रक्त देऊन विसरूनही गेला असता. वन्सं विसरणाऱ्यातल्या नव्हेत. माझ्या लग्नात माझ्या मामीने त्यांना पाणी उशिरा विचारलं होतं, ते अजून निघतं.

हे दवाखान्यातल्या त्या काचेच्या खोलीतून घरी आले त्याच दिवशी वन्सं बॅग घेऊन हजर.

"आता ह्याच्या अंगात माझं रक्त आहे," त्यांनी दारातच सांगितलं. "त्याला काय चालतं, काय नाही, ते मलाच कळणार."

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला वाटायचं ते थोडंफार मलाही कळतं. असो.

ह्यांना माझ्या हातची आमटी आळणी लागली तर वन्सं म्हणायच्या, "माझी जीभ आली बरं!" हे चिडले तर "माझा स्वभाव आला," म्हणून कौतुक. गोळ्यांचा डबाही त्यांनी ताब्यात घेतला. कप्पे भरताना कुणी जवळ आलेलं खपायचं नाही. मीही म्हटलं, एक काम कमी झालं.

हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. पट्टी न लावता हातानं सरळ रेघ मारणारे आमच्या भागात हेच उरलेत. आजारपणात ब्रश सुटले होते. घरी आल्यावर जरा ताकद आली तेव्हा चष्म्याच्या दुकानाची एक लहानशी पाटी घेतली. अक्षरांच्या रेघा आखून झाल्या आणि ह्यांचं कपाळ दुखायला लागलं. डाव्या बाजूला आग व्हायची, केसांना कंगवा लागला तरी कळ जायची. मग एका सकाळी डाव्या भुवईपासून केसांपर्यंत लाल चट्टा उठला आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक बारीक फोड.

मी घाबरले. वन्सं खुलल्या.

"अगं, हे तर माझं पित्त! लहानपणी माझ्या अंगावर अश्शा गांधी उठायच्या. पेशींबरोबर आलं बघ." स्वतःचा चंद्रहार भावाला दिल्यासारखा चेहरा. लगेच पर्समधून स्वतःचं मलम काढलं.

"वन्सं, पित्त कपाळाच्या बरोबर मध्ये येऊन थांबतं होय? उजवीकडे एक टिपूस नाही."

"माझं पित्त आहे ते. शिस्तीचं आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन वॉर्डातल्या नर्सला फोन लावला. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, "आजी, नाकाच्या शेंड्यावर फोड आहे का?"

मी बाहेर येऊन पाहिलं. होता. मोहरीएवढा.

"मग आत्ताच्या आत्ता घेऊन या. ही नागीण आहे. नाकाच्या शेंड्यापर्यंत आली की डोळ्यात उतरायची भीती असते. डोळा जाऊ शकतो. नागिणीची गोळी चालू आहे ना?"

मी डबा उघडला. सगळ्या कप्प्यांत सगळ्या रंगांच्या गोळ्या होत्या, ती लांबट पांढरी कुठेच नव्हती.

"ती मी काढून टाकली," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "माझ्या रक्ताला कधी नागीण झाली नाही, होणारही नाही. उगाच पोट बिघडवायचं कशाला?"

मी फोन ठेवला. "अहो, उठा. दवाखान्यात जायचंय."

"मी नाही येणार," हे म्हणाले. "परत त्या काचेत नाही बसायचं मला. आणि ताईनं दोन्ही हातांत सुया टोचून घेऊन मला जिवंत ठेवलंय. तिचं साधं मलम नको म्हणू?"

"रक्त त्यांनी दिलंय, मान्य," मी म्हटलं. "डोळा तुमचा स्वतःचा आहे. त्याच्यावर त्यांचा हक्क नाही."

वन्संनी मलमाचं झाकण फिरवून बंद केलं.

हे उठून पाटीसमोर गेले. उजव्या डोळ्यावर हात ठेवून नुसत्या डाव्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "रेघ पुसट दिसते गं. माझा शर्ट दे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, आमच्या नातीच्या वयाची. तिने ताबडतोब सलाईनमधून औषध सुरू केलं, डोळ्याच्या डॉक्टरांना बोलावलं आणि मग विचारलं, "ह्यांना कांजिण्या कधी झाल्या होत्या?"

वन्सं म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही नव्हतं."

"होतं," मी म्हटलं. "आमच्या लग्नाच्या वर्षी. तुम्हीच तर होता उशाशी."

ते दिवस मला लख्ख आठवतात. मी नवी नवरी, मला ह्यांच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. वन्संनी भावाची नखं कापली, हातांना मोजे घातले, आणि खाज सुटली की वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत बसायच्या. एकाही फोडाला त्यांनी नख लावू दिलं नाही. म्हणून तर ह्यांचा चेहरा इतका नितळ राहिला. तेव्हा मला त्यांचा राग यायचा, हेवाही वाटायचा.

"त्याच कांजिण्यांचे जंतू नसांमध्ये दडून बसतात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "नवीन रक्त अजून तान्हं आहे, त्याला ते आवरत नाहीत. म्हणून तर ती गोळी देतो. कुणी बंद केली?"

"मी विसरलो," हे पडल्या पडल्या म्हणाले.

"गप रे," वन्सं म्हणाल्या. "मी बंद केली, डॉक्टर. मला वाटलं, माझं रक्त आहे." त्या एकदम खुर्चीत बसल्या. मी त्यांना अशा बसताना कधी पाहिलं नव्हतं. पाठ टेकून, पदर घसरलेला. "ह्याचा डोळा गेला तर मी तोंड कुणाला दाखवू?"

ह्यांना दाखवा, ते एका डोळ्याने बघतील, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

डोळा वाचला. कपाळावर व्रण राहिला, भुवई जरा विरळ झाली आणि ऊन लागलं की पाणी येतं. पण रेघ दिसते. घरी सोडताना डॉक्टरीणबाईने त्या लांबट गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि बजावलं, ही गोळी आम्ही सांगेपर्यंत चुकवायची नाही. वन्सं वॉर्डाच्या दाराशी उभ्या होत्या. बॅग भरलेली. "मी आपली माझ्या घरी जाते," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी विचार केला. हे विसरभोळे. मी सांगितलेलं ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात, सवय आहे. ह्यांना जर कुणी गोळी गिळायला लावील, तर जगात एकच बाई.

"वन्सं," मी म्हटलं आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "ही तुम्हीच द्या. माझं कोण ऐकतंय?"

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला. आणि आख्खा वॉर्ड वळून बघेल अशा आवाजात भावावर कडाडल्या, "आ कर!"