रोडग्यांचा उतारा

शनिवारी दुपारी रामाकोना गावातल्या एका संत्र्याच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून आली होती. मांडवात चौदा वर्षांची चंचल गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे खात होती आणि थांबत नव्हती.

"पाहा बाप्पा, पाहा!" भूत उतरवणारे भंडारनाथ बावाजी गरजले. "पोरगी नाही खाऊन राहिली. तिच्यातली उपाशी मेलेली हडळ खाऊन राहिली! दहा माणसाचं खाल्लं, ओकारी नाही. अन् हे!" त्यांनी तिच्या दंडात टाचणी टोचली. चंचलनं वर पाहिलंही नाही. बायांनी हात जोडले.

मग बावाजींनी मोरपिसं उगारून मंत्र म्हटला. चंचल किंचाळली, स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावली.

"झोंबला मंत्र हडळीले! आणा रोडगे! दिवस बुडेपर्यंत चारा. धापली, पोट भरलं तिचं, की निघून जाते."

ताट आलं, चंचल शांत झाली आणि जयजयकार झाला. मी मात्र तिच्या पोटाकडे बघत होते.

मी चंचलची शिक्षिका. तिला जन्मापासून प्रेडर-विली नावाचा दुर्मिळ जनुकीय आजार आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. पोट भरल्याचा निरोप तिच्या मेंदूला मिळत नाही. अशा मुलांना वेदना कमी जाणवतात, उलटी सहसा होत नाही, आणि समोरचं अन्न काढलं की ती थैमान घालतात. म्हणून तिची आई वच्छलाबाई स्वयंपाकघराला कुलूप लावायची. आमच्या गावात कोणाला पंगतीतून अर्धपोटी उठवत नाहीत, म्हणून सगळे वच्छलाबाईला टोचायचे, "सख्खी माय पोरीले उपाशी मारते." त्या टोमण्यांनीच ती पोरीला घेऊन इथवर आली होती. हडळ म्हटल्यावर निदान दोष तिचा उरत नव्हता.

मी गर्दीतून पुढे घुसले. "वच्छलाबाई, पोट पाहा तिचं, किती ताणलंय! जठर फुटेल!"

"मॅडम, तुम्ही मंधात नका पडू. मंत्रानं कशी किंचाळली, पाहिलं नाही काय?"

पाहिलं होतं. सगळे मोरपिसांकडे बघत असताना बावाजीचा चेला मागून हळूच ताट ओढत होता, तेही पाहिलं होतं.

"बावाजी, मंत्र पुन्हा म्हणा," मी म्हणाले. "पण ताट तिच्यापुढेच राहू द्या."

"अविश्वासी बाईपुढे मंत्र चालत नसते!"

चंचलचे वडील विनोदभाऊ गर्दीत मागे उभे होते. ते पुढे आले. "म्हणा ना महाराज. ताट मी धरतो."

बावाजीनं घसा फाडून मंत्र म्हटला. चंचल रोडगा कुस्करत राहिली.

मग मी मोरपिसं उचलली. पोरीला रडवणं माझ्या जिवावर आलं होतं, पण ताट तर काढायचंच होतं. मी सतराचा पाढा सुरू केला. 'सतरा दुणे चौतीस'ला मी खुणावलं, विनोदभाऊंनी ताट काढून घेतलं आणि चंचलनं तीच किंकाळी फोडली.

"पाढ्यातही शक्ती असते," बावाजी पुटपुटले. एक म्हातारा हसला, पण एकटाच.

कारण चंचल एकाएकी चूप झाली होती. ती खाली बसली. ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "पोट दुखून राहिलं."

टाचणी न कळणाऱ्या पोरीला दुखत होतं. वच्छलाबाईनं किंकाळी फोडली ती तेव्हा.

गाडी करून तिला थेट नागपूरला नेलं. जठराचा मोठा भाग मेला होता, तो कापून काढावा लागला. चंचल वाचली, ती थोडक्यात.

पळालेला बावाजी आता लोधीखेड्याकडे दिसल्याचं ऐकते. त्याला पकडा, पोलिसांत द्या. पण हडळ नसते, आजार असतो, एवढं आधी घरात बोला. असं लेकरू कोणाकडे असेल तर डॉक्टर गाठायला मदत करा आणि त्याच्या आईला नावं ठेवू नका. बावाजीनं चंचलला एक दुपार चारलं. तिच्या आईला त्याच्या मांडवात आम्ही लोटलं होतं, आम्ही सगळ्यांनी, वर्षानुवर्षं बोलून बोलून.