रन्नूच्या टाचेतला पू

मित्रांनो, माझ्या डाव्या डोळ्यात बुरशी आली आहे. मकास्सर बंदरातली खारी, दमट हवा भल्याभल्यांना सोडत नाही, आणि मी तर एक जुना सूक्ष्मदर्शक. माझी भिंगं कुठल्या कारखान्यात घासली गेली ते आता आठवत नाही. मला जाग आली ती इथेच, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, डॉक्टर तेनरीबाईंच्या टेबलावर.

तेव्हा माझा मान मोठा होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी चालताना मीच दाखवायचो. त्यांना पाय नसतात. त्यांच्या पोटात ॲक्टिन नावाचे बारीक धागे असतात. पेशी पुढच्या अंगाला धागे विणते, मागच्या अंगाचे उसवते आणि जंतूचा माग काढत सरकते. ते पाहताना बाईंना जेवणाची शुद्ध नसायची.

एकदा बेटावरून मासे विकणारा सिला आला; त्याला सगळे मानाने डाएंग म्हणत. त्याची धाकटी मुलगी रन्नू सारखी आजारी. तोंडात, पायावर जखमा व्हायच्या आणि भरायच्याच नाहीत. नवल म्हणजे त्यांत कधी पू व्हायचा नाही. बेटावरच्या दवाखान्यात तिचं रक्त काढलं होतं; तुलनेसाठी थोरल्या, ठणठणीत मिनासाचंही. दोन्ही नळ्या सिलाने स्वतः आणल्या.

मी पाहिलं. रन्नूच्या पेशी हलेनात. मिनासाच्याही हलेनात. बाईंनी तसं सिलाला सांगितलं.

"दोघीही?" सिला टेबलाशी आला. "थोरलीला तर साधी सर्दी नाही हो, बाई!"

बाईंनी नळी हातात घेतली. ती थंडगार लागली. "डाएंग, हे आणलंत कशातून?"

"बर्फातून! बंदरावर माझ्याइतका ताजा माल कुणाचा नसतो."

"अहो, मासा मेलेला असतो! या पेशी जिवंत आहेत. गारठून गोळा झाल्यात बिचाऱ्या."

बाईंना हसू फुटलं. सिला मात्र हसला नाही. "पोरींनाच घेऊन येतो," म्हणाला आणि तडक निघाला.

दुसऱ्या खेपेला दोघींचं रक्त माझ्या शेजारीच काढलं आणि उबदार काचेवर ठेवलं. मिनासाच्या पेशी तुरुतुरु निघाल्या. रन्नूच्या जागच्या जागीच. बाईंनी धाग्यांना हिरवा रंग चढवला तेव्हा कारण कळलं. धागे विणले जात होते, पण उसवत नव्हते. आत नुसता गुंता झाला होता. मला फार वाईट वाटलं. पण रोग सापडला होता, आणि थोरली धडधाकट होती. पुढे तिचीच अस्थिमज्जा, म्हणजे रक्तातल्या पेशी जिथे तयार होतात तो हाडांतला गर, जुळली आणि मोठ्या इस्पितळात ती रन्नूला दिली गेली.

नंतर आमच्याकडे नवं यंत्र आलं, पडद्यावर चित्र दाखवणारं. माझ्यावर आवरण चढलं. माझ्याकडे कुणी फिरकेना. ही बुरशी तेव्हाचीच.

मग एका सकाळी सिला ओरडतच आत शिरला. "बाई, पू झालाय! पोरीच्या टाचेत माशाचा काटा गेला आणि काय पू झालाय म्हणून सांगू! पिवळाधमक!"

"तेत्ता, हळू ना," रन्नू लाजून बापाला म्हणाली.

बाईंनी नव्या यंत्राकडे पाहिलंही नाही. माझं आवरण काढून त्यांनी थेंब माझ्याखाली ठेवला. पू म्हणजे जंतूंशी झुंजून पडलेल्या पांढऱ्या पेशीच; त्यांची दाटी होती आणि काही अजून सरकत होत्या. रन्नूने माझ्या चांगल्या डोळ्याला डोळा लावला.

"या कुणाच्या?"

"आल्या मिनासाकडून. लढल्या तुझ्यासाठी."

मित्रांनो, जुन्या यंत्रांना कोरडं ठेवा, अधूनमधून त्यांची भिंगं पुसा. आणि गुडघा फुटला तर जखम धुवा, औषध लावा. पण पू दिसला म्हणून नाक मुरडू नका. सिला त्या सकाळी तो पाहून आनंदाने रडला होता.