सहावे नाव

मित्रांनो, आज माझ्या डोक्यावर कोंबडी अंडी घालते, म्हणून मला रिकामे खोके समजू नका. दूर दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या आकेनेसे बाईंचा मी संगणक. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मला बोटीतून आणले. चटईत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखे मांडीवर घेऊन.

मी मुळातच संथ. बाई लिहीत आणि मी ते पोटातल्या तबकडीवर घरघरत कोरून ठेवी. त्यांची म्हातारी आई फुआतिनो हसे, "अगं, याला तारोचा कंद पचला नाही वाटतं!"

मग ऑकलंडहून बाईंचा धाकटा भाऊ सिओसी आला.

"ताई, हा तर कासवाचा सख्खा भाऊ! थांब, पळवतो याला."

त्याने माझ्यात एक छोटा प्रोग्राम घातला. आता वारंवार लागणारे सारे मी आठवणीत तयार ठेवी. आणि लिहायला दिलेले लगेच न कोरता, चार-पाच सेकंद ओंजळीत धरून सवडीने तबकडीवर उतरवी. बाईंना मात्र आधीच सांगून टाकी, "झाले."

"यात धोका नाही ना रे?" बाईंनी विचारले.

"कसला धोका? माझ्याकडे वर्षभर चालतंय."

ते खरेच होते. पण त्याच्या घरी सांजेचा शंख वाजत नाही. आमच्या गावात तो वाजला, की हातातले तिथेच टाकून सगळे प्रार्थनेला बसतात. ज्या घराला उशीर होतो, त्याची गावभर शोभा होते.

एका संध्याकाळी फुआतिनो आजी बोलती झाली. १९१८च्या साथीत तिची सहा भावंडे गेली. एकाच खड्ड्यात निजवली, वर दगडसुद्धा नाही. त्यांची नावे जाणणारी आता ती एकटी, आणि तिचीही आठवण विरत चाललेली. थांबत थांबत तिने सहाही नावे सांगितली. शेवटचे तान्हीचे. बाईंनी ती लिहिली, जतन केली. मी म्हटले, झाले.

तेवढ्यात शंख वाजला. बाईंनी चटकन भिंतीवरचे बटण बंद केले.

माझी ओंजळ अजून भरलेली होती, मित्रांनो.

सकाळी पान कोरे. बाईंना रडू आवरेना. आजी म्हणाली, "म्हणजे हाही विसरला? आणि तुम्ही मलाच विसरभोळी म्हणता! पूस डोळे. लिही पुन्हा."

पाच नावे आली. सहावे येईना.

"आई, आठव ना गं."

"इतकी हलकी होती गं ती, मांडीवर आहे की नाही कळायचं नाही... नाव नाही येत."

मीही खूप धुंडाळले. पण वीज गेली की माझ्या ओंजळीत काही उरत नाही.

"तेवढी ओळ मोकळी ठेव," आजी म्हणाली. "तिची जागा असू दे."

बाईंनी सिओसीला फोन लावला आणि त्याने सांगितले तसे माझे उशिरा लिहिणे बंद केले. वाचण्यातला वेग राहिला. त्यात काही हरवण्यासारखे नव्हते. शंख वाजला तरी बाई, तबकडीवर कोरताना पेटणारा माझा लाल दिवा विझेपर्यंत थांबू लागल्या. आजी म्हणे, "देव थांबेल गं तेवढं."

मित्रांनो, जुन्या यंत्राला जरूर पळवा. पण तुमच्याकडची वीज कशी जाते, घरातले बटण कोण कधी बंद करते, ते आधी पाहा. आणि घरातले म्हातारे माणूस बोलू लागले, तर कागदावरही लिहून ठेवा. माझ्या तबकडीवर पाच नावे आहेत आणि खाली एक मोकळी ओळ. ती मी नीट जपली आहे. तिथे काय होते, ते मात्र मला विचारू नका.