पांढऱ्या पट्ट्यांवरचं घोंगडं

जरा गाडी कडेला घ्या. खालून बोलतोय तो मीच, म्हसवडहून कवठे महांकाळकडं जाणारा रस्ता. आधी मी मेंढरांची पाऊलवाट होतो. मग मुरूम पडला, खडी आली, डांबर आलं. गेल्या वर्षी मला रुंद केलं. उतारावरच्या वळणाला दोन्हीकडं लोखंडी कठडे बसवले आणि पलीकडं जायला ठेवलेल्या फटीसमोर जाड पांढरे पट्टे मारले.

माणसं माझ्यावरून जातात, पण बघतात मोबाइलमध्ये. सुलाबाई मात्र माझ्याकडं बघत चालते. ती मेंढपाळ. दिवाळी सरली की कळप घेऊन चाऱ्याला निघते.

यंदा त्या वळणावर तिनं कोकरं आधी उचलून पलीकडं ठेवली. मेंढ्या मात्र कठड्यांच्या मधे, पट्ट्यांपाशी येऊन थबकल्या. त्यांना तिथं खड्डेच दिसले असावेत. मागच्या पुढचीवर रेलल्या, पलीकडं कोकरं ओरडू लागली, आणि वरून उसाचा ट्रॅक्टर उतरायला लागला. दोन ट्रॉल्यांचं ओझं मला लांबूनच कळतं.

खालून आलेली एसटी थांबली. ड्रायव्हर भाऊसो उतरला.

"मावशे, हाण की त्यास्नी."

"हाणून न्हाई जायाची, भ्याल्यात ती. तुमी वर पळा, ट्रॅक्टर थांबवा."

भाऊसो टॉवेल हलवत वर पळाला. सुलाबाईनं खांद्यावरचं घोंगडं पट्ट्यांवर अंथरलं. ते पुरेना. एसटीत राजेश्वरी होती, माहेराला निघालेली नवी नवरी. तिनं खाली उतरून अंगावरची शाल पुढं टाकली. मग कुणी उपरणं दिलं, कुणी चादर.

पुढच्या मेंढीनं घोंगडं हुंगलं. तिला आपल्याच लोकरीचा वास आला की काय, कोण जाणे. तिनं पाय टाकला, तसा सगळा कळप तिच्यामागं गेला. ट्रॅक्टर करकरत थांबला, तेव्हा शेवटची मेंढी कठड्याबाहेर पडत होती.

सुलाबाईनं शाल झटकून राजेश्वरीला दिली. "घाण झाली गं."

"असू द्या. धुतली की निघंल."

धापा टाकत परतलेल्या भाऊसोनं विचारलं, "मावशे, आता मुक्काम कुठं?"

"हिरवं दिसंल तिथं."

एवढं बोलून ती कळपामागं टेकाडाआड गेली.

माझ्या कडेच्या दगडांवर सगळ्या गावांची नावं आहेत, 'हिरवं दिसंल तिथं' हे नाव कुठंच नाही. मला वाकडं होऊन टेकाडामागं डोकावता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. कधी तिकडं गेलात, तर परत येताना इथं थांबा आणि ते ठिकाण कसं आहे, तेवढं मला सांगा.