सतरा तास बाकी

मोनिका सकाळी नऊला चौकीवर आली तेव्हा तिच्या बुटांना उसातला चिखल तसाच होता. वनरक्षकाच्या नोकरीत रात्रीची गस्त नवी नव्हती, पण या आठवड्यातली ही पाचवी. जरा पडावं म्हणेपर्यंत रेंजर साहेबांचा फोन आला होता.

"पिंजऱ्याचा प्रस्ताव आज नगरला जातोय. बिबट्याचा फोटो तारीख-वेळेसकट पाहिजे, चारच्या आत. नाहीतर पिंजरा पुढच्या आठवड्यावर गेला समजा."

फोटो होते. सोनईच्या मळ्यांमध्ये झाडांना बांधलेल्या अकरा कॅमेऱ्यांचे तीन वर्षांचे फोटो चौकीच्या लॅपटॉपमध्ये होते. आणि तो लॅपटॉप कालपासून सुरू होत नव्हता. आतली डिस्क टकटक करायची, पडदा निळा पडायचा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. कॅमेऱ्यांची कार्डं तर तिनेच रिकामी करून परत लावलेली.

दाराशी केशरबाई बसल्या होत्या. परवा त्यांची कालवड बिबट्याने नेली होती.

"मावशी, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"घरी बसून काय करू? सून पानी द्यायला उसात जाती. जीव थाऱ्यावर न्हाई माजा. पिंजरा कवा येतो तेवडं सांग, मग जाते."

मोनिकाने ड्रॉवर उपसून एक पेन ड्राइव्ह काढला. तिच्या धाकट्या भावाने, पार्थने, दिवाळीत दिला होता. त्यात लिनक्स होतं. लॅपटॉपची स्वतःची सिस्टीम मेली तरी नुसत्या या पेन ड्राइव्हवरून तो उठतो, असं त्याने सांगितलं होतं. तेव्हा तिने 'बरं' म्हणून विषय संपवला होता.

लॅपटॉप खरंच उठला. फोटोंचे फोल्डर दिसले तेव्हा तिला रडूच यायचं बाकी होतं. तिने बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि सगळं एकदम कॉपीला लावलं. साठ जीबी. पडद्यावर आकडा आला : सतरा तास बाकी.

तिने पार्थला फोन लावला. तो चाकणला कंपनीत होता.

"ताई, जेवणाची सुट्टी झालेली नाही अजून. पाच मिनिटं आहेत, पटकन बोल."

"सतरा तास दाखवतंय रे. आतली डिस्क मरायला टेकलीय, म्हणूनच ना?"

"आधी खात्री कर. कॉपी थांबव. एखादं लहान फोल्डर बाहेरच्या डिस्कवर नको, डेस्कटॉपवर टाक."

तिने टाकलं. डोळ्याचं पातं लवतंय तोवर झालं.

"मग आतली डिस्क वाचतेय की चांगली. अडतंय ते बाहेर लिहिताना. पेन ड्राइव्ह कुठे लावलास, डिस्क कुठे?"

लॅपटॉपला दोनच पोर्ट होते. निळ्यात पेन ड्राइव्ह, काळ्यात डिस्क. पार्थने तिच्याकडून एक कमांड टाइप करून घेतली आणि डिस्कच्या ओळीपुढचा वेगाचा आकडा विचारला.

"बारा एम."

"बारा? निळ्यावर पाच हजार येतो तिथे. तो काळा पोर्ट खराब झालाय ताई. पाणी गेलं होतं का?"

पाणी नाही, दहिवर. पहाटेच्या उसात हा लॅपटॉप मांडीवर घेऊन ती कितीदा बसली होती.

"मग पेन ड्राइव्ह काढून डिस्क निळ्यात लावते."

"काढू नको! सिस्टीम त्याच्यावरच चाललीय. बंद करून परत सुरू कर, आणि सुरू होताना जी ओळ दिसते तिच्या शेवटी 'टोरॅम' लिही. मग सगळी सिस्टीम मेमरीत जाऊन बसते, पेन ड्राइव्ह काढता येतो."

"आणि बंद केल्यावर आतली डिस्क परत उठलीच नाही तर?"

"ते मी कसं सांगू," तो म्हणाला. मागून त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

मोनिका कपाळाला हात लावून बसली. मग तिने एवढंच केलं की या आठवड्याचं फोल्डर तेवढं आधी त्या काळ्या पोर्टातूनच जाऊ दिलं. दोन जीबीला चाळीस मिनिटं लागली. तिने स्टोव्हवर चहा ठेवला. केशरबाईंनी बशीत ओतून घेतला.

"तुजी माणसं कुटं असतात?"

"अकोले तालुक्यात. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला."

"आन् तू एकली उसात फिरती. भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की. झोप जास्त येते."

पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली. केशरबाई म्हणाल्या, "झालं जनू." मोनिकाचा हात केबलकडे गेलाही होता, पण डिस्कवरचा दिवा लुकलुकत होता. पट्टी भरली तरी मागे लिहिणं चालूच होतं. दिवा स्थिर होईपर्यंत ती थांबली, मग डिस्क काढली आणि लॅपटॉप बंद केला.

परत सुरू करताना आतून टकटक आली. एकदा, दोनदा. तिने 'टोरॅम' लिहिलं, एंटर दाबलं आणि मान खाली घालून बसली. पाचेक मिनिटांनी फोल्डर दिसले. तिने पेन ड्राइव्ह उपसला आणि डिस्क निळ्यात लावली. उरलेल्या कॉपीला आकडा आला : पंचवीस मिनिटं.

सोळाव्या मिनिटाला टकटक पुन्हा सुरू झाली आणि पट्टी थबकली. आणखी दोनदा बंद-चालू करून पाहिलं, पण आतली डिस्क पुन्हा काही दिसली नाही.

या आठवड्याचं सोडून आठव्या कॅमेऱ्यापासून पुढचं सगळं गेलं होतं. नववा कॅमेरा ओढ्याच्या वळणावर होता. पहिल्या वर्षी एका मादीने तिथे दोन पिल्लं वाढवली होती, आणि मोनिकाने ती चार महिने रोज पाहिली होती. तेव्हा ती नोकरीत नवीन होती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं.

वाचलेल्या फोल्डरमधला परवाचा फोटो तिने मोठा केला. तारीख, वेळ, बांधावर उभा बिबट्या.

"ह्योच का?" केशरबाई जवळ आल्या. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या. "मादी हाय न्हवं? बरगड्या दिसत्यात की."

"पाजत असेल."

"व्हय." त्या मागे सरकल्या. "न्या तिला, पन मारू नका."

"मारत नाही मावशी. लांब सोडतात."

"आन् तिची बारकी?"

पावणेतीनला मोनिकाने फोटो साहेबांना पाठवला. सोबत लिहिलं की चार कॅमेऱ्यांची नोंद गेली, आणि या मादीला पिल्लं असावीत, पिंजरा लावण्याआधी ऊस बघावा लागेल. दहा मिनिटांनी उत्तर आलं : फोटो चालेल, प्रस्ताव जातोय. पिल्लांचं उद्या सकाळी तुम्हीच बघून घ्या.

ते केशरबाईंना वाचून दाखवून तिने लॅपटॉप मिटला. केशरबाई पदर सावरून उठल्या होत्या.

"थांबा मावशी, गाडीवर सोडते," मोनिका म्हणाली, आणि किल्ली सापडेना म्हणून दोन्ही खिसे चाचपू लागली.