ताडपत्रीच्या थैलीचे उडते वर्ष

मित्रांनो, दिग्रसला गुलाम नबी फिटरच्या घरी, खाटेखाली भिंतीला टेकून जी जाड हिरवट थैली पडली आहे, ती मी. माझ्याकडे पाहून कुणाला खरे वाटणार नाही, पण मी ढगांच्या वरून गेले आहे. तेही एकदा नव्हे, पुष्कळदा.

जन्माने मी थैली नव्हते. गावाबाहेरच्या जिनिंग मिलच्या आवारात कापसाच्या गंजीवर घालायची एक भलीमोठी ताडपत्री होती. एका वावटळीत ती फाटली. गुलाम नबींनी तिचा धड राहिलेला तुकडा कापून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत दाभणाने मला शिवून काढले. मशीनच्या जुन्या पट्ट्याचे दोन बंद लावले. "हे आता फाटत नाही," असे म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढून पाहिले. घरात सगळे त्यांना अब्बा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

पुढची कित्येक वर्षे मी अब्बांच्या सायकलला लटकून मिलमध्ये गेले. पोटात पाने, हातोडी, तेलाची बुधली आणि वर जेवणाचा डबा. मिल सुरू झाली की जमीन थरथरायची आणि मीही खुंटीवर थरथरायचे. अब्बा नुसत्या आवाजावरून ओळखायचे, कोणती मशीन आज नाराज आहे. मला तो आवाज आवडायचा. आम्हा दोघांना तो अंगाईसारखा होता.

मग ती वाईट वर्षे आली. कापसाला भाव राहिला नाही, पीक हाती लागेना, मिलच्या फाटकाशी लागणारी कापसाच्या बैलबंड्यांची रांग तुटली. एका मोसमात मिल उघडलीच नाही. त्याच सुमारास अब्बांचे वयही झाले आणि ते घरी बसले.

खरे तर ते बसलेच नाहीत. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून मिलच्या फाटकापर्यंत, तिथून परत. चांगला पंखा खोलायचे आणि पुन्हा जोडायचे. अम्मी, म्हणजे हुस्नाबी, कावून जायच्या.

"बसा ना जी एका जागी. मले पाहून चक्कर येऊन राह्यली."

"बसून काय करू? कान कसे सुने सुने लागून राह्यले."

अशातच मुंबईहून जमीरचा फोन आला. त्यांचा हा मुलगा विमानांचा मेकॅनिक होता. "अब्बा, आमची कंपनी मायबापाले फुकट बसवते. फक्त जागा रिकामी राह्यली पाहिजे. पण हे सालभरच. कंपनी दुसऱ्याच्या हाती जाऊन राह्यली. फिरून घ्या."

अम्मी तोवर पुसदच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी मला साबणाने घासले. तेलाचे डाग काही निघाले नाहीत, पण माझ्या पोटात पहिल्यांदाच कपडे, शेवचिवडा आणि अत्तराची बाटली आली.

नागपूरच्या विमानतळावर माझी काळ्या पेटीतून तपासणी झाली आणि जवानाने मला उघडून आतून एक पाना बाहेर काढला.

"ये क्या है, चाचा?"

"पाना आहे. लागतो."

"विमानात कायले लागतो तुम्हाले?" अम्मी लाजून पुटपुटल्या. पाना तिथेच राहिला. अब्बा वाटभर रिकाम्या खिशात हात घालून पाहत होते. अम्मी मात्र खिडकीला नाक लावून बसल्या. मी त्यांच्या पायाशी होते. विमान गुरगुरले, जमीन थरथरली, आणि मित्रांनो, क्षणभर मला वाटले की मिल सुरू झाली! वर पाहिले तर अब्बांनी डोळे मिटले होते. त्यांनाही तसेच वाटले असावे.

त्या वर्षी आम्ही खूप फिरलो. एकदा मुंबईहून दिल्लीला जायला निघालो आणि जागाच मिळाली नाही, तर जमीरने आम्हाला कोचीच्या विमानात बसवून दिले. तिथे अम्मींनी वरून समुद्र पाहिला आणि म्हणाल्या, "हे एवढं पाणी, आन् आपल्याकडे नळाले दिवसाआड!" मग दिल्ली, मग कोलकाता. शेवटचा तिकीटवाला चढेपर्यंत थांबायचे, उरलेल्या जागेसाठी नाव पुकारले की धावत सुटायचे. अम्मींना त्या धावपळीचे वेड लागले.

अब्बांचे तसे नव्हते. कुठल्याही गावी उतरलो की ते आधी टेलिफोनचे दुकान शोधायचे. मिलचा चौकीदार धावजी जवळच्या तांड्यावर राहायचा. त्याच्या पुतण्याच्या दुकानात फोन होता.

"धावजी, मिल उघडली काय?"

"नाही जी, नबीभाऊ. कुलूप जागच्या जागी आहे."

मग लाल किल्ल्यासमोर उभे असले तरी अब्बांचे मन दिग्रसच्या त्या कुलपापाशी असायचे. घरी आलो की बाहेर जावेसे वाटे, बाहेर गेलो की घरी. मीही सारखी त्यांच्या या खांद्यावरून त्या खांद्यावर जात होते.

उन्हाळ्याच्या आधी आम्ही हैदराबादला गेलो. तिथे त्यांची मुलगी गझाला राहायची. तिला सासू नव्हती आणि दिवस भरत आले होते. मुलगी झाली. नाव ठेवले माहनूर. अम्मी बाळात पार गुंतून गेल्या. बाळंतिणीचे खाणेपिणे, शेकशेगडी, सगळे त्यांच्या अंगावर. अब्बा बाळाला घ्यायचे, पण उभ्यानेच, दाराजवळ.

तेवढ्यात धावजीचाच फोन आला. "नबीभाऊ, मिल उघडली! मालक आले. तुमाले विचारून राह्यले."

अब्बांनी मला खसकन खाटेवर घेतले. "चल हुस्ना, निघू."

अम्मी हलल्या नाहीत. "पोरीचा चिल्ला व्हायचा आहे. चाळीस दिवस तिले कोणाच्या भरवशावर टाकू?"

"मालकानं याद केलं मले."

"अन् गझालानं नाही केलं काय? इतकी वर्षं मिल, मिल. मी कधी बोलली नाही. आता बोलते. मी येत नाही."

त्यांनी माझ्यातून आपल्या साड्या काढून घेतल्या, अत्तराची बाटली काढून घेतली. मी एका बाजूने एकदम ढिली पडले. अब्बांनी मला तशीच खांद्याला अडकवले. चपला घालून बाहेर पडले.

विमानात जागा नव्हती. दुसऱ्याची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. बसने आदिलाबाद, तिथून यवतमाळ, मग दिग्रस. घरी न जाता ते थेट मिलवर गेले.

फाटक खरेच उघडे होते. पण आत कापूस नव्हता. ट्रक उभे होते आणि गॅसने लोखंड कापणारी माणसे सिलिंडर उतरवत होती. मालकाने मिल विकली होती. मशीनी भंगारात चालल्या होत्या. मालकाने अब्बांना बोलावले होते ते शेवटचे पाहून घ्यायला.

धावजी खाली मान घालून म्हणाला, "मले तरी कुठं मालूम होतं, भाऊ? कुलूप निघालं, तं मले वाटलं सुरू झाली."

अब्बा बराच वेळ पहिल्या मशीनवर हात ठेवून उभे होते. मग ते भंगारवाल्याकडे गेले.

"कापू नका यांना. मी खोलून देतो. खोलल्या तर दुसरीकडे कुठं तरी चालतील."

"वक्त लगेगा, चाचा."

"लागू दे. माह्यापाशी वक्तच आहे."

भंगारवाल्यालाही त्यात तोटा नव्हता. तो कबूल झाला. अब्बांनी घरून सगळी हत्यारे आणली आणि पुन्हा एकदा मी जड झाले. दिवसामागून दिवस अब्बा आणि धावजी एकेक नट सोडवत होते. गंजलेल्यांना आधी तेल पाजायचे, थांबायचे, मग हळूच फिरवायचे. अब्बांना इतके शांतपणे थांबताना मी कधी पाहिले नव्हते. शेवटचा ट्रक भरला तेव्हा एकही मशीन कापलेली नव्हती.

ट्रक फाटकाबाहेर जाताना पाहायला अब्बा थांबले नाहीत. हात पुसत फोनच्या दुकानात गेले.

"हुस्ना, मिल गेली."

तिकडून अम्मींनी विचारले, "जेवले काय तुम्ही?"

तिथे उभ्या उभ्याच अब्बांना रडू फुटले.

चिल्ला होताच अम्मी निघाल्या, एकट्या, विमानाने. अब्बा मला घेऊन नागपूरला गेले. अम्मी बाहेर आल्या त्या तोऱ्यातच. "माह्या बाजूच्या बाईले खुर्चीचा पट्टा लावता येत नव्हता. मीच लावून दिला!"

मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. मी गच्च भरलेली होते. "हे काय? मले न्याले आले की कुठं चालले?"

अब्बा ओशाळले. "हैदराबादले. मले वाटलं, तू आली की तसंच वापस जाऊ. माहनूरले मी नीट मांडीवर घेतलंच नाही."

"अन् मी तुमच्यासाठी घरी चालली!" अम्मी इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावे लागले. अब्बा त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांनी मांडीवर घेतले नाही की खांद्यावर अडकवले नाही, जमिनीवर ठेवून दिले. किती तरी विमाने पुकारली गेली, पण अब्बा उठले नाहीत. अम्मींनी गझालाने दिलेला डबा उघडला आणि दोघे सावकाश जेवले. मग चार दिवस घरी राहून हैदराबादला जायचे ठरले, आणि तसेच केले.

जमीरची ती सवलत त्या साली संपली. आता अब्बा-अम्मी बसने जातात, वर्षातून एकदा. मी मात्र जात नाही. गझालाने त्यांना चाकांची नवी बॅग दिली आहे. त्याचे मला वाईट वाटते, पण राग नाही. फक्त एक सांगते, मित्रांनो. ताडपत्री उन्हापावसाने लवकर फाटत नाही, पण एकाच घडीवर पडून राहिली तर त्या घडीवर ती चिरत जाते. माझी उजवी बाजू तशी चिरू लागली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात पडले असेल, तर अधूनमधून बाहेर काढा, झटका, ऊन दाखवा. आणि घरात कुणी म्हातारे माणूस सारखे दाराशी येरझारा घालत असेल, तर त्याला "बसा" म्हणू नका. त्याला कुठे जायचे आहे ते विचारा, आणि जमले तर सोबत जा.