दसऱ्याला फुटलेली चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे आणि आता माझे दोन तुकडे आहेत. ज्या हातांनी सकाळी मला हळदकुंकू लावले, त्याच हातांनी दुपारी मला फोडले. आठवडा उलटून गेला, तरी मला हे खरे वाटत नाही.

मला दात नाहीत की कडी नाही. बोटाच्या पेराएवढी, निळ्या प्लास्टिकची चावी मी. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका भारी प्रोग्रॅमबरोबर माझा जन्म झाला. संगणकाच्या खाचेत मला खोचले की तो प्रोग्रॅम उघडायचा, काढले की बंद पडायचा. एकाने विकत घ्यावा आणि दहा जणांनी फुकट वापरावा, असे होऊ नये म्हणून मी पहाऱ्याला होते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी, असे मला वाटायचे.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात चेतनाताई आर्किटेक्ट आहेत. त्यांच्या हाताखाली मी वर्षानुवर्षे राबले. कुडव्यातली कितीतरी घरे, दवाखान्याच्या खोल्या, नागझिऱ्याच्या वाटेवरचे एक विश्रामगृह, सगळे माझ्या डोळ्यांदेखत रेघारेघांनी उभे राहिले. संध्याकाळी ताई मला पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून घरी न्यायच्या. मी हरवले तर ऑफिसच बंद, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

घरी त्यांचे वडील पुनाराम. ते कोहळी समाजातले शेतकरी. त्यांच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले, त्यामुळे अवजार म्हणजे त्यांना देवच. दसऱ्याला कुदळ, फावडे, विळा यांच्या ओळीत ते मलाही विड्याच्या पानावर बसवायचे. एकदा त्यांनी इतके कुंकू लावले, की ते माझ्या तोंडात गेले आणि दुसऱ्या दिवशी ताई ब्रश घेऊन मला घासत बसल्या. त्या चिडल्या होत्या, मला मात्र फार बरे वाटले होते.

यंदा दसऱ्याच्या आठवडाभर आधी ताईंचा जुना संगणक जळाला. नकाशे दुसरीकडे जपून ठेवलेले होते, ते वाचले. ताईंनी नव्या जातीच्या प्रोसेसरचा पातळ, वेगवान लॅपटॉप मागवला. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, इसमें सब चलेगा." खोके आले आणि ताई ते उघडायला बसल्या, तर पुनारामबाबा आडवे आले.

"चार दिवसांवर दसरा आहे, बाई. नवं अवजार पूजा करूनच उघडाचं."

ताईंनी बाबांचा शब्द मोडला नाही. खोके देवघरात गेले.

दसरा उजाडला. पूजा झाली, खोके उघडले, प्रोग्रॅम चढवला. तेवढ्यात सालेकशाहून कुंदाबाई आल्या. मोहफुले वेचणाऱ्या बायांच्या त्या पुढारी. त्यांच्या गोदामाचा नकाशा ताईंनी काढला होता, पण त्यातले दार पश्चिमेला होते आणि तिकडूनच पावसाची झड येते. दार पूर्वेला घेतलेला नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभेत ठेवायचा होता. तो ठेवला नाही, तर गोदामाची जागा एका धान व्यापाऱ्याला जाणार होती.

ताईंनी मला नव्या खाचेत खोचले. मी ऐटीत बसले. पडद्यावर अक्षरे उमटली, चावी सापडत नाही.

मी तिथेच होते. ताईंनी काढून पुन्हा लावले, फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत लावले. तेच उत्तर. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले.

"काऊन उघडून नाई राहिलं?" कुंदाबाईंनी विचारले.

ताईंनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी समजावले ते असे. या नव्या प्रोसेसरची भाषाच वेगळी. जुने प्रोग्रॅम त्याच्याशी दुभाष्याकरवी बोलतात आणि त्यांचे भागते. पण चावीची ओळख पटवायला दुभाषी चालत नाही. त्यासाठी त्या प्रोसेसरचाच वेगळा ड्रायव्हर, म्हणजे चावीची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो आणि तो कोणी बनवलाच नाही.

"तो अब कब बनेगा?" ताईंनी विचारले.

"नहीं बनेगा, मैडम. कंपनी ने चाबी ही बंद कर दी. आपका लाइसेंस अभी खाते पर डाल देते हैं, बिना चाबी के खुलेगा. बस पुरानी चाबी तोड़कर फोटो भेज दीजिए, ताकि दो जगह न चले."

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. ताई मला मुठीत धरून बसून राहिल्या.

"आज अवजार फोडत नाई," पुनारामबाबा म्हणाले. "आजच पूजलं आन् आजच फोडाचं?"

मग कुंदाबाई हळूच म्हणाल्या, "काका, मोहाले सण समजत नाई. पाणी लागलं का सडते. यंदा अर्धा मोह फेकला आमी."

बाबा उठले, ताईंच्या मुठीतून मला घेतले, पाट्यावर ठेवले आणि माझ्या पाया पडले. "माफ कर, माय," म्हणाले आणि वरवंटा मारला.

मित्रांनो, खरा धक्का पुढेच होता. फोटो गेला आणि थोड्याच वेळात प्रोग्रॅम माझ्याशिवाय उघडला. गोदामाचा नकाशा समोर आला. एखादी भिंत तरी कमी असेल, एखादी खिडकी तरी, म्हणून मी पाट्यावरून बघत राहिले. नकाशे माझ्यामुळे आहेत, असे मी जन्मभर समजत होते. पण एक रेघही कमी नव्हती. ताईंनी दार पूर्वेला सरकवले. कुंदाबाई म्हणाल्या, "हं, असंच." दुसऱ्या दिवशी ती जागा बायांना मिळाली.

म्हणून कळकळीने सांगते, मित्रांनो. नवी वस्तू घरात आली, की तिची पूजा जरूर करा, पण आधी ती चालवून बघा. घरातल्या जुन्या वस्तूशी तिचे जुळते का, हे विचारून घ्या. मला आज ना उद्या फुटायचेच होते, त्याचे दुःख नाही. पण ते खोके चार दिवस आधी उघडले असते, तर सणाच्या दिवशी बाबांना हात उचलावा लागला नसता. त्या संध्याकाळी सारा कुडवा एकमेकांना सोने वाटत फिरत होता. बाबा मात्र कुणाच्याच दारी गेले नाहीत.